बाजाराचा गुणक

"बुधवारी आठवडी बाजार असल्याने शहरात बाहेरगावची माणसे येतात, त्यामुळे सांडपाण्याचा भार व हवेची गरज वाढते."

हे वाक्य आमच्या अहवालाच्या एकशे बाराव्या पानावर आहे. ते मी लिहिलं. लिहिताना माझ्याकडे त्याचा काहीही पुरावा नव्हता, आणि लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते.

मी ऊर्जा-तुलना कक्षात काम करते. राज्यात सांडपाणी शुद्ध करणारी तीनशे बारा केंद्रं आहेत. कोणतं केंद्र किती वीज खातं आणि त्या बदल्यात किती घाण काढतं, याचा हिशोब मांडून त्यांची क्रमवारी लावायची, हे आमचं काम. सांडपाणी खरं तर माणूस शुद्ध करत नाही, जिवाणू करतात. मोठ्या टाकीत ते पाण्यातली घाण खातात. खायला त्यांना ऑक्सिजन लागतो, म्हणून टाकीच्या तळातून ब्लोअरने हवा सोडतात. केंद्राच्या एकूण विजेतली निम्म्याहून जास्त वीज या ब्लोअरवर जाते. ब्लोअर बंद केला की वीज लगेच वाचते. जिवाणू मात्र लगेच मरत नाहीत. ते आधी सुस्तावतात, आणि पाणी आलं तसं पुढे जाऊ लागतं.

आमच्या क्रमवारीचा पाया म्हणजे 'कान' नावाचं यंत्र. तळहाताएवढी पेटी, मुख्य केबलला बाहेरून चिमटा लावल्यासारखी बसवायची. प्रत्येक मोटर चालताना विजेच्या प्रवाहात स्वतःची एक बारीक थरथर सोडते. कान ती ओळखतो. कोणता पंप किती वाजता सुरू झाला, कोणता ब्लोअर अर्ध्या वेगाने चालला, सगळं दर सेकंदाला आमच्या पडद्यावर. यात कुणाला लबाडी करता येत नाही, असं मी तीन वर्षं प्रत्येक सभेत सांगत होते. ते खोटंही नव्हतं.

पण आमचा आकडा हा भागाकार आहे: वर वीज, खाली काढलेली घाण. वरचा आकडा आम्ही दिवसाला शहाऐंशी हजार चारशे वेळा मोजत होतो. खालचा आकडा आठवड्यातून एकदा, गुरुवारी सकाळी भरलेल्या दोन बाटल्यांवरून. एक बाटली आत येणाऱ्या पाण्याची, एक बाहेर जाणाऱ्या.

त्या क्रमवारीत पहिला नंबर मोरवंडीचा होता. एक किलो घाण काढायला शून्य पूर्णांक सात युनिट. राज्याची सरासरी दीड. आणि मोरवंडीच्या केंद्रप्रमुख हेमलता ताटे या माझ्या सख्ख्या आत्या. त्यांच्याकडे राहून मी अकरावी-बारावी केली. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना श्वास रोखायचा असतो, हे मला हेमाआत्याने शिकवलं.

मोरवंडीच्या आलेखात दर बुधवारी दुपारी एक डोंगर उभा राहायचा. ब्लोअर पूर्ण वेगाने, गुरुवारी दहापर्यंत. मग पुन्हा सपाट. आमचे प्रमुख गद्रे सर म्हणाले, "हे काय आहे?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "सर, मोरवंडीला बुधवारी बाजार असतो." सर खूश झाले. "बघा, याला म्हणतात स्थानिक ज्ञान." मग मी त्याचं गणित केलं, नाव दिलं 'बाजाराचा गुणक', आणि तो राज्यातल्या सगळ्या बाजारपेठांच्या गावांना लावला.

यंदापासून क्रमवारीच्या पुढचं पाऊल पडणार होतं. 'समतोल' ही प्रणाली शेवटच्या दहा केंद्रांचे ब्लोअर मुख्यालयातून चालवणार होती. किती हवा, कधी, हे पहिल्या नंबरच्या केंद्राच्या वहिवाटीवरून ठरणार होतं. म्हणजे आत्याच्या. स्थानिक चालकाच्या हातातल्या बटणांच्या पेटीला सील लागणार होतं. सील लावण्याआधी प्रत्येक चालकाचं म्हणणं ऐकून घ्यायचा नियम होता, आणि तीनशे बाराव्या नंबरच्या कळंबोशीला मला पाठवलं.

दस्तगीर मुलाणी तिथे एकोणतीस वर्षं चालक होते. मंगळवारची दुपार. त्यांनी टाकीच्या कठड्यावरून वाकून खोल श्वास घेतला आणि मगच माझ्याकडे वळले.

"मातीचा वास येतोय का बघा. पाऊस पडल्यावर शेताचा येतो तसा. तो आला की समजायचं, जनावरं सुखात आहेत."

"जनावरं?"

"जिवाणू म्हणता तुम्ही. चहा घेणार? घाबरू नका, चहाचं पाणी बाहेरचं असतं."

मी नोटीस पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली.

"तीनशे बारापैकी तीनशे बारावा. शाळेतही माझा शेवटचाच असायचा, पण तिथं पट चाळीसचा होता."

मला हसू आलं, आणि ते आवरायला मी मागे वाळवणाच्या वाफ्यांकडे पाहिलं. टाकीत तयार होणारा गाळ वाळूच्या वाफ्यांवर पसरून वाळवतात. सगळे वाफे काठोकाठ भरलेले होते आणि त्यांच्या भेगांतून टोमॅटोची रोपं वर आली होती. लाल फळंसुद्धा.

"ही कुणी लावली?"

"गावानं. बी पोटातून खाली येतं, पंपातून जातं, टाकीतून जातं, अन् मरत नाही. गाळ निघतो तिथं टोमॅटो निघतोच."

"खाता तुम्ही?"

"तुम्ही खाल?" ते म्हणाले. मग खुर्चीवर बसून त्यांनी एक वही काढली. "मॅडम, मला तुमचं ते अहवालाचं गणित कळत नाही. एकच विचारतो. तुमचा पहिला नंबरवाला, त्याचा गाळ किती निघतो?"

"ते आमच्या मापात नाही."

"का?"

"गाळाची नोंद हातानं वहीत असते, ट्रॉल्यांमध्ये. यंत्रावर येत नाही."

"म्हणून मोजत नाही होय." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "ह्या माझ्या ट्रॉल्या. आसपासच्या अकरा वाड्यांचे मैल्याचे टँकर मी घेतो. ते बाटली भरायच्या जागेच्या पुढं रिकामे होतात, तुमच्या बाटलीला ते दिसत नाहीत. नाही घेतले तर ते ओढ्यात सोडतात, म्हणून घेतो. पण गाळ दिसतो, मॅडम. खाल्लं तर अंगाला लागतंच की."

हा प्रश्न मला कुणी तरी एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत विचारायला हवा होता. जिवाणूंनी एक किलो घाण खाल्ली तर त्यातली काही हवेत वायू होऊन जाते आणि काही त्यांच्या शरीराची वाढ होते. ही वाढ म्हणजेच गाळ. एका किलोमागे साधारण चारशे ग्रॅम. वस्तुमान कुठेही नाहीसं होत नाही. गाळाची वही म्हणजे दुसरा, स्वतंत्र तराजू होता, आणि ती यंत्रावर येत नाही एवढ्याच कारणाने आम्ही ती वगळली होती.

मी तिथेच बसून आकडेमोड केली. गाळावरून पाहिलं तर कळंबोशी आमच्या बाटल्या सांगत होत्या त्याच्या पावणेदोन पट घाण काढत होतं. त्यांचा खरा आकडा दोन पूर्णांक चार नव्हता, एक पूर्णांक चार होता. सरासरीपेक्षा चांगला.

"मग सील नाही ना लागणार?" मुलाणींनी विचारलं. "खाली मैलावर सुतारवाडी आहे. ते लोक नदीतनंच पाणी भरतात. हवा कमी केली तर त्यांच्या हंड्यात जातं सगळं."

"मी बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मोरवंडीला उतरले. बुधवार होता.

बाजार भरला होता. नदीच्या कोरड्या पात्रात, नेहमीसारखा. मिरच्यांचे ढीग, भांडी, पत्र्याच्या ट्रंका. मी पुलावर उभी राहून खाली पाहिलं. बाजार नदीपात्रात भरतो. तिथे संडास नाही, मोरी नाही, गटाराची एक नळीही जात नाही. बाहेरगावची माणसं सकाळी येतात आणि दिवस मावळायच्या आत परत जातात. त्या माणसांचा एक थेंबही आत्याच्या केंद्रात पोचत नाही. हे मला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. दोन वर्षं दर बुधवारी मी याच पुलावरून कॉलेजला जात होते.

केंद्रात ब्लोअर घुमत होते. आवार झाडून लख्ख. वाळवणाचे वाफे रिकामे, त्यांच्या कडांना चुना. पूर्वी इथे आले की मला वाटायचं, किती स्वच्छ. त्या दिवशी मी टोमॅटो शोधले. एकही रोप नव्हतं.

आत्या प्रयोगशाळेत होती. पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या, केस पूर्ण पिकलेले.

"केतू! न कळवता? जेवायचं सांगितलंस तरी असतं."

"आत्या, गाळाची वही दाखवतेस?"

तिने हातातली बाटली खाली ठेवली. मग कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. वही पाहायला दहा मिनिटं पुरली. काढली म्हणून दाखवलेल्या घाणीच्या एक तृतीयांश घाणीचाही गाळ तिथे नव्हता.

"साडेतीन वर्षांपूर्वी मोठा ब्लोअर जळाला," आत्या खिडकीकडे तोंड करूनच बोलली. "दुरुस्त व्हायला आठ महिने लागले. एकट्या लहान ब्लोअरवर रोज पुरेशी हवा देणं शक्य नव्हतं. म्हणून त्याला आठवडाभर जपायचे, आणि बाटली चांगली यावी म्हणून बुधवारपासून फुल चालवायचे. आठ महिन्यांपुरतंच. तेवढ्यात तुमची पहिली क्रमवारी आली."

"आणि ब्लोअर दुरुस्त झाल्यावर?"

"झाल्यावर पहिल्या नंबरच्या बाईने अचानक तिप्पट वीज खाल्ली असती. नगराध्यक्ष हार घेऊन आले होते, केतू. शाळेची पोरं केंद्र बघायला यायला लागली. मी दर सोमवारी ठरवायचे, उद्यापासून नीट चालवू."

मी वही मिटली. ती वळली.

"तू असं का बघतेयस? तुला काय आज कळलं?"

"म्हणजे?"

"तू ते बाजाराचं लिहिलंस ना अहवालात. मी वाचलं तेव्हा या खुर्चीवर बसून रडले. म्हटलं, पोरीला कळलंय, आणि ती माझी अब्रू झाकतेय. इथला बाजार कुठे भरतो हे काय तुला सांगायला हवं? मी तुझे उपकार मानत होते, केतू. तीन वर्षं."

मी जन्मात कधी इतकी शरमले नव्हते. मी लबाडी केली असं तिला वाटत होतं, आणि त्यासाठी तिचं माझ्यावरचं प्रेम वाढलं होतं. मी लबाडी केली नव्हती. मी फक्त पाहिलं नव्हतं. यातलं कोणतं अधिक वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

"समतोल तुझ्या पद्धतीने दहा केंद्रं चालवणार आहे," मी म्हणाले.

ती खुर्चीत बसली. हे तिला माहीत नव्हतं.

"मला सात महिने राहिलेत निवृत्तीला," ती म्हणाली. "सात महिने थांबशील?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. जेवून निघाले. तिने डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या.

पुढचे अकरा दिवस मी गप्प होते. ते अकरा दिवस मी जसे होते तसे सांगते. मी स्वतःला सांगितलं की एका भेटीवरून निष्कर्ष काढू नये. मी सांगितलं की गाळाच्या वह्या हाताने लिहिलेल्या, त्यात चूक असू शकते. मी आणखी आठ केंद्रांच्या वह्या मागवल्या. हे सगळं शास्त्राला धरून होतं आणि सगळं खोटं होतं, कारण मला उत्तर पुलावरच मिळालं होतं. सोमवारी कळंबोशीच्या पेटीला सील लागलं. त्या कागदावर 'चालकाचे म्हणणे ऐकले' या रकान्याखाली माझी सही आहे.

मंगळवारी सकाळी बरोबर नऊला मुलाणींचा फोन आला.

"मॅडम, टाकीतला ऑक्सिजन सांगतो. काल दोन होता. आज एक पॉइंट एक."

"नोंद घेते," मी म्हणाले.

बुधवारी, "शून्य पॉइंट सहा." गुरुवारी, "शून्य पॉइंट तीन. मातीचा वास गेला, मॅडम. आता सडक्या अंड्याचा येतोय." शनिवारी, "पाणी काळं पडलंय. सुतारवाडीला निरोप दिलाय, उकळून प्या म्हणून. पण किती जण उकळणार?" त्यांचा आवाज कधी चढला नाही. रोज नऊला आकडा, आणि मी रोज म्हणायचे, "नोंद घेते." नोंद मी खरंच घेत होते. माझ्या वहीत ते आकडे तारखेसह ओळीने आहेत.

रविवारी सकाळी फोन आला नाही. साडेनऊ वाजले, दहा वाजले. शेवटी मीच लावला.

"मुलाणी साहेब, आज आकडा?"

"आकडा आहे की. शून्य."

"मग फोन केला नाहीत?"

"त्याचं असं झालं मॅडम, तुम्हाला कळत नसेल म्हणून मी रोज सांगत होतो. लांब असता तुम्ही, ऑफिसात. काल आमचे जावई म्हणाले, अहो, त्यांनी तुमच्यासमोर बसून गणित मांडलं, त्यांना तुमच्याआधीच कळलंय सगळं. मग म्हटलं, ज्याला कळलंय त्याला कशाला रोज त्रास द्यायचा."

मी फोन ठेवला. मग आत्याला लावला.

"मी उद्या सगळं लिहून देतेय, आत्या."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "नाव घालणार?"

"हो."

"माझंच? की दोघींचं?"

"दोघींचं. नात्यासकट."

"बरं," ती म्हणाली. मग पुन्हा, "बरं. जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून घे. मी नगरपरिषदेत स्वतः जाऊन सांगते. लोकांना माझ्याकडून कळू दे."

सोमवारी गद्रे सरांनी माझी सात पानं दोनदा वाचली. "केतकी, एवढं सविस्तर कशाला? 'संदर्भ केंद्राच्या आकडेवारीत विसंगती आढळली' असं एका ओळीत बसतं की."

"बसतं, सर. बाजारही एका ओळीतच बसला होता."

सर चिडले. पण नंतर त्यांनीच मुख्यालयाला फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत समतोल दहाही केंद्रांवरून उतरवला गेला. माझी चौकशी सुरू झाली, ती अजून चालू आहे. मी मागून घेतलं ते एवढंच, की कळंबोशीचं सील काढायला मला जाऊ द्या.

मंगळवारी पोचले तेव्हा केंद्राचा वास फाटकाबाहेरपर्यंत आला होता. मुलाणी पेटीपाशी उभे होते. मी पक्कड त्यांच्याकडे धरली.

"तुमची सही आहे त्यावर," ते म्हणाले. "तुम्हीच तोडा."

मी तोडलं. त्यांनी बटण दाबलं, दोन्ही ब्लोअर सुरू झाले, आणि काळ्या पाण्यात लांबच्या कोपऱ्यापासून बुडबुडे उठू लागले. मुलाणी माझ्याकडे न बघता ते बघत होते.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"अर्धी जनावरं मेलीत. नवीन वाढायला एकवीस दिवस. तोवर येईल तसं पाणी खाली जाणार."

"मी थांबू का? काही मदत..."

"तुम्ही इथं थांबून काय करणार?" ते सरळ म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी हात नदीच्या दिशेने केला. "सुतारवाडीला जा. एकवीस दिवस नदीचं पाणी भरू नका म्हणावं, टँकर मागवलाय. मी उकळा म्हटलं तर उकळलं कुणी, नाही कुणी. तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं. का भरू नये ते विचारतील. ते तुम्ही सांगा."

वाडी चालत वीस मिनिटांवर होती. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते: मापन, संदर्भ, गुणक. पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई हंडा घासत होती. माझ्याएवढीच असेल. मी सांगितलं, नदीचं पाणी एकवीस दिवस घेऊ नका.

"का वो?"

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "वर केंद्रात पाणी शुद्ध होतं, ते अर्धवट होत होतं," मी म्हणाले. "माझ्या चुकीमुळे. आणि मला कळल्यावरही मी अकरा दिवस सांगितलं नाही."

तिने हंडा उपडा ठेवला. पदराला हात पुसले. ती रागावेल म्हणून मी थांबले, पण ती मला नीट बघत होती, जसं आपण कुणी खरं बोलतंय की नाही ते बघतो तसं.

"आत या," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांना बी सांगा हे. पाच दिवस झाले अंथरुणाला खिळलेत. विचारत असतात, काय खाल्लं मी असं."

मी चपला काढल्या आणि आत गेले.